गार हवेची नळी आणि ताम्हिणीचा पाऊस

पिरंगुट सोडून पौडकडे लागलं की खिडकीतली हवा अंगाला गार लागते; बॉनेटखाली मात्र भट्टी पेटलेली असते. हवा 10 अंशांनी तापली की साधारण 3 टक्के विरळ होते आणि 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणून हौशी मंडळी घरीच ‘कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे बॉनेटबाहेरची गार हवा इंजिनाला देणारी नळी, बसवतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, फिल्टरचा डबा उचलायचा, नवी नळी क्लिपांनी आवळायची. एअरफ्लो सेन्सर असेल तर जपून! तेल लावलेल्या एअर फिल्टरचं जास्तीचं तेल त्याच्या बारीक तारेवर बसलं की रीडिंग चुकतं.

खरं तर बऱ्याच गाड्या कंपनीतूनच ग्रिलजवळची हवा घेतात. त्यामुळे वाढतो तो मुख्यतः आवाज. (काहींना तोच हवा असतो म्हणा.)

मेख आहे ती पावसाची. फिल्टर बंपरमागे खाली उतरवला आणि ताम्हिणी घाटाच्या वाटेवर गाडी साचलेल्या पाण्यात घातली, तर इंजिन पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढावं लागतं.