धंद्याचा फोन ‘स्पॅम’ ठरू नये म्हणून

मंडप, लाइट डेकोरेशन, बँड, आचारी, वायरमन, नळजोडणी, शिलाई, टेम्पो. आपल्या समाजातील कितीतरी घरे आज अशा धंद्यांवर चालतात. या धंद्यांना मोठे दुकान नसते, पेपरात जाहिरात नसते. मोबाईल नंबर हीच त्यांची पाटी असते. हा नंबर गिऱ्हाइकाच्या फोनवर लाल रंगात ‘स्पॅम’ म्हणून झळकला की गिऱ्हाईक फोन उचलत नाही. ठरत आलेले काम दुसऱ्याकडे जाते आणि ते का गेले, हे धंदेवाल्याला कळतही नाही. बुडालेली ही मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

स्पॅम म्हणजे आपण मागितला नसताना आलेला, नकोसा फोन किंवा संदेश. कर्जाच्या, प्लॉटच्या, लॉटरीच्या फोनांनी लोक त्रासले आहेत, त्यामुळे त्यांना रोखणे योग्यच आहे. परंतु सुक्याबरोबर ओले जळते, तसे प्रामाणिक धंदेवाल्याचे होऊ लागले आहे.

भोकरदन तालुक्यातील राजूरचे उदाहरण घ्या. राजुरेश्वर गणपतीमुळे चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, येथे बाहेरगावच्या माणसांची गर्दी होते. लग्नसराईत जालना, भोकरदन, जाफराबादकडून कामे येतात. गावचा माणूस आवाजावरून ओळखतो. बाहेरगावच्या माणसाला मात्र फक्त नंबर दिसतो. काम जितके लांबचे, तितका शिक्क्याचा धोका अधिक.

शिक्का मारतो कोण?

हा शिक्का तीन ठिकाणी बसतो. तिन्ही ठिकाणांची रीत वेगळी आहे, म्हणून उपायही वेगळे आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे लोक. २००९ साली स्वीडनमध्ये सुरू झालेले ट्रूकॉलर हे ॲप आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे. त्यातील नावे आणि स्पॅमचे शिक्के बऱ्याच अंशी वापरणाऱ्यांकडूनच येतात. कुणी रागाने, कुणी घाईने ‘स्पॅम’ हे बटन दाबतो. असे अनेकांनी केले की तो नंबर अनोळखी माणसालाही लाल दिसू लागतो.

दुसरे ठिकाण म्हणजे मोबाईल कंपनीचे यंत्र. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये असे यंत्र सुरू केले. एखाद्या नंबरावरून किती वेळा फोन जातात, किती वेळ बोलणे होते, अशा गोष्टी तपासून ते ‘स्पॅमचा संशय’ असा इशारा देते. यंत्राला आपला प्रामाणिकपणा दिसत नाही, आपली चाल दिसते. समजा, मंडपवाल्याने सकाळी बसून साठ अनोळखी नंबर ओळीने फिरवले आणि बहुतेक फोन चार-पाच सेकंदांत कापले गेले. टेलिफोनवरून माल विकणाऱ्याची चालही अगदी अशीच असते.

तिसरे ठिकाण म्हणजे सरकारी तक्रार, आणि हे सर्वांत गंभीर आहे. नकोशा जाहिरातींच्या फोनांबाबत दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा म्हणजे ‘ट्राय’चा २०१८ चा नियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो अधिक कडक झाला. नको असलेल्या फोनची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते. त्यासाठी तक्रारदाराने आधी १९०९ वर आपली नापसंती नोंदवलेली असण्याची गरज उरलेली नाही. जाहिरातीसाठी नोंदणी न केलेल्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाईचा मार्ग खुला होतो. पहिल्या वेळी बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा तेच घडले तर सर्व जोडण्या एक वर्षासाठी तोडल्या जातात. ऐन लग्नसराईत पंधरा दिवस फोन बंद म्हणजे काय, हे धंदेवाल्याला सांगायला नको.

आपण काय करावे?

१. घरच्या साध्या दहा आकडी नंबरावरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन करू नयेत. अशा जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ची मालिका आहे. लहान धंदेवाल्याला यांची गरज पडत नाही. ज्याने काम विचारले, त्यालाच फोन करावा.

२. काम विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे आपला नंबर नावासह जतन करायला सांगावे. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

३. अनोळखी गिऱ्हाइकाला फोन करण्याआधी दोन ओळींचा संदेश टाकावा: आपले नाव, गाव, काम आणि फोन कशासाठी करणार ते. उचलला नाही तर लागोपाठ दहा वेळा फिरवू नये.

४. एक वही ठेवावी. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी नंबर दिला ते लिहावे. उद्या खोटी तक्रार झाली तर मोबाईल कंपनीपुढे हीच वही आपल्या बाजूने बोलेल. कंपनीकडे तक्रार १९८ या नंबरावर नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

५. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवर आपला नंबर कसा दिसतो ते पाहावे. ट्रूकॉलरवर नाव चुकले असेल किंवा शिक्का बसला असेल तर त्याच ॲपमधून दुरुस्ती मागता येते. पैसे घेऊन शिक्का काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये. ‘ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर बंद होणार’ असे फोन फसवणुकीचे असतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

६. नवे सिम घेताना त्या नंबराचा इतिहास तपासावा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. आधीच्या मालकाचा डाग आपल्या माथी येऊ नये.

सिम कोणाच्या नावावर?

अनेक घरांत धंद्याचे सिम मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या, कधी कधी ओळखही नसलेल्या माणसाच्या नावावर असते. हे आता बदलले पाहिजे. फोन करणाराचे अर्जावरील नाव समोरच्याच्या मोबाईलवर दिसावे, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आणि त्यानंतर त्याच्या चाचण्याही झाल्या. सिम दुसऱ्याचे असेल तर नावही दुसऱ्याचेच दिसेल आणि गिऱ्हाईक अधिकच बिचकेल. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. तेथे न ओळखणारा नंबर दिसला तर तो कळवून बंद करता येतो.

यात आपल्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. नाव झळकले की आडनावही झळकते, आणि आडनावावरून जात हुडकणारी नजर अजून गेलेली नाही. ट्रायच्या त्याच शिफारशीत धंद्याच्या जोडणीसाठी एक वाट ठेवलेली आहे. ट्रेडमार्क म्हणून, जीएसटीत किंवा सरकारदरबारी अन्य रीतीने नोंदलेले धंद्याचे नाव कागदपत्रे देऊन दाखवता यावे, असे ती म्हणते. म्हणून धंदा वाढत असेल तर त्याचे नाव रीतसर नोंदवावे. आपले आडनाव लपवण्यासारखे मुळीच नाही. पण आपल्या पाटीवर काय लिहायचे, ते ठरवण्याचा हक्क आपला असावा.

बोट आपलेही आहे

शेवटची गोष्ट घरातल्या प्रत्येकासाठी. ‘स्पॅम’चे बटन आपल्याही हातात आहे. फसव्या फोनवर ते जरूर दाबावे. पण चुकून लागलेला नंबर, पत्ता विचारणारा डिलिव्हरीचा मुलगा, पापडाची ऑर्डर विचारणारी बचत गटाची ताई यांच्यावर वैतागून ते दाबू नये. एक बोट दाबायला क्षणही लागत नाही, पण त्या शिक्क्याने कष्टकऱ्याच्या एका दिवसाची मजुरी जाऊ शकते. आपल्या नंबराची जितकी काळजी घ्यायची, तितकीच दुसऱ्याच्याही घ्यावी.