घर शिकवते, तरी शाळा हवीच

मुलांना शाळेत न घालता घरीच, त्यांच्या कलाने शिकू देणारी काही कुटुंबे आहेत. अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांनी या विचाराचे नियतकालिक १९७७ साली काढले. अशा घरात घंटा नाही, वेळापत्रक नाही. मूल विचारते, घर उत्तर शोधते.

यातले चांगले ते आपण जरूर घ्यावे. भाकरी मोडताना अर्धी, चतकोर कळते. वाण्याकडे पावशेर आणि सुटे पैसे कळतात. बसची पाटी वाचता वाचता अक्षरे लागतात. याला खर्च नाही. फक्त ‘असे का?’ विचारणाऱ्या लेकराला दटावू नये. पडताळून मगच स्वीकारा, ही तर तथागतांचीच शिकवण.

पण शाळा सोडणे आपल्याला परवडणारे नाही, असे आम्हाला वाटते. ज्यांना शाळेचे दार कधी बंद नव्हते, त्यांना ते सोडणे सोपे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, तरी शाळा सोडली नाही. आणि घरी सुभेदार रामजी अभ्यास घेत.

मातापित्यांनो, २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो सोडू नका. आणि कामावरून आल्यावर लेकराचा एक तरी प्रश्न ऐकून घ्या.