खेळाचे नाव, श्रमाचा आजार

२००४ साली सचिन तेंडुलकरच्या कोपराने दगा दिला आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. साहजिकच हा खेळाडूंचा आजार, अशी समजूत रूढ झाली. वस्तुस्थिती निराळी आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांनी रॅकेट कधी हातातही धरलेली नसते.

मनगट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूस हाडाला जोडलेले असतात. मूठ आवळताना मनगट स्थिर राखण्याचे काम त्यांचेच. पिळणे, आवळणे, ठोकणे या क्रिया पुन्हा पुन्हा जोर लावून घडल्या की तेथील कंडरा झिजते. म्हणूनच हे दुखणे सुताराला, गवंड्याला आणि रोज कपडे पिळणाऱ्या, कणीक मळणाऱ्या स्त्रीला गाठते. तेही बहुधा पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान, म्हणजे ऐन कमाईच्या वयात.

हात मोडलेला नसतो, सूजही सहसा दिसत नाही. परंतु चहाचा कप उचलताना, कुलपात किल्ली फिरवताना, भरलेली बादली धरताना कळ निघते आणि पकड सुटते. जे दिसत नाही ते इतरांना खरे वाटत नाही. मग मालक त्याला कामचुकारपणा म्हणतो आणि घरचे कुरकुर.

यावरील उपाय महागडा नाही. तो वेळखाऊ आहे. हाताला ताण देणारे काम कमी करावे, हळूहळू वाढता व्यायाम करावा. वर्ष-दीड वर्षात बहुतेकांना आराम पडतो. परंतु रोजंदारीवरच्या माणसापाशी नेमका वेळच नसतो. तो स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन कामावर जातो. त्याने काही आठवडे बरे वाटते. पण वर्षअखेरीस असे रुग्ण इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा मागेच राहतात, असे वैद्यकीय चाचण्यांतून दिसून आले आहे. सावकारी कर्जाचा व्यवहार याहून वेगळा नसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत या विकाराला स्थान दिले. पण व्यवसाय म्हटला की वेतन आले, आणि गृहिणीला तर वेतनच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. पुरुष ९७ मिनिटे. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. मग त्या श्रमांनी झिजलेल्या कोपराची नोंद कोठे व्हावी?

विश्रांती हेच औषध असेल, तर ते परवडेल अशी व्यवस्था हवी. असंघटित कामगाराला आजारपणाच्या काळात वेतनाचा काही हिस्सा मिळाला पाहिजे. घरातल्या औषधासाठी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे बादली उचलायला आणि कपडे पिळायला दुसऱ्या कोणी पुढे झाले, तरी उपचाराला सुरुवात होते.