मुलांचा खेळ आणि प्रमाणपत्रांची शिडी

शाळेच्या परीक्षा संपत आल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. कराटे, स्केटिंग, पोहणे, गिर्यारोहण! शिबिराच्या शेवटी एक प्रमाणपत्र, पट्टा किंवा बिल्ला ठरलेला. ‘मुलाला काय शिकवाल?’ याऐवजी ‘कोणती लेव्हल मिळेल?’ असेच पालक विचारतात. अशा ठरीव पायऱ्यांनी मुलांना खेळाची गोडी लागते की असलेली गोडी जाते? हा प्रश्न क्रीडाशिक्षकांचा वाटेल. पण आरोग्याशीही त्याचा जवळचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगला व्यायाम हवा. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदान सुटले, की तो कुठून होणार?

या प्रश्नाचा विचार करण्यास ओरिएंटियरिंग हा खेळ सोयीचा आहे. हातात नकाशा व होकायंत्र घेऊन रानात लावलेल्या पांढऱ्या-केशरी खुणा क्रमाने शोधायच्या आणि कमीत कमी वेळात परतायचे, असा हा खेळ. स्वीडन-नॉर्वेच्या लष्करी शिक्षणातून तो पुढे आला. १८९७ साली नॉर्वेत त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. आपल्याकडे एन.सी.सी.तले नकाशावाचन आणि स्काऊट-गाईडमधले होकायंत्र ही त्याचीच भावंडे. तेथेही पायऱ्या आहेत. एन.सी.सी.ची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ प्रमाणपत्रे. स्काऊटचे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार.

ब्रिटनमध्ये ओरिएंटियरिंगच्या मार्गांना कराटेच्या पट्ट्यांसारखे रंग आहेत. पांढरा सर्वांत सोपा, मग पिवळा, नारिंगी असे चढत जायचे. तेथील रंगीत बिल्ल्यांच्या पद्धतीत बहुतेक मार्गांवर दोन कसोट्या असत. निघालेल्या स्पर्धकांच्या पहिल्या निम्म्यात यायचे, नाहीतर विजेत्याच्या दीडपट वेळेच्या आत पोहोचायचे. असे तीनदा जमले की बिल्ला. म्हणजे एखादा अव्वल धावपटू त्या दिवशी आला, तर तुमच्या मुलाची तीच धाव कमी ठरू शकते. स्काऊटच्या सोपानात तसे होत नाही. दिशा ओळखता आली की आली. शेजारच्याला किती येते याचा संबंध नाही. शिडी दोन्हीकडे आहे, पण मुलाच्या मनावर होणारा परिणाम वेगळा.

बक्षिसाविषयी एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे मानसशास्त्रज्ञ लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकलेची आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातील मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले, की बक्षीस संपताच काम थांबते. दहावीचे क्रीडा गुण पदरात पडल्यावर बूट माळ्यावर टाकणारी मुले आपण पाहतोच.

मात्र म्हणून सर्व बिल्ले वाईट, असे नाही. ज्याला आपल्याला काही येते यावर विश्वासच नाही, अशा मुलाला पहिली छोटी पायरी फार मोठा आधार देते. बिल्ला जेव्हा ‘तुला हे आता येते’ एवढेच सांगतो, तेव्हा तो उपयोगी पडतो. ‘तू इतरांहून मागे आहेस’ असे सांगू लागला, की मूल पोटदुखीची कारणे शोधू लागते.

यात वैद्यकीय बाजू आहे ती वाढीची. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांच्या साधारण दोन वर्षे आधी येतो. एकाच वर्गातील तेरा वर्षांच्या दोन मुलग्यांच्या शारीरिक वाढीत तीन-चार वर्षांचाही फरक असू शकतो. जन्मतारखेवर ठरवलेली वेळेची पट्टी उशिरा वाढणाऱ्या मुलावर अन्याय करते. हेच मूल सोळाव्या वर्षी पुढे जाईल. पण तोवर ते खेळात टिकले पाहिजे ना! मुलींना पाळी सुरू झाली की घरचेच खेळ बंद करतात, तेही योग्य नाही.

ओरिएंटियरिंगमध्ये घाईचा तोटा लगेच दिसतो. वेळ गाठण्यासाठी नकाशा न पाहता धावणारे मूल खुणेच्या पुढे निघून जाते आणि दुप्पट धावते. याच वयात पायाची हाडे वाढत असतात. सरावाचा अतिरेक झाला की गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखते, सूज येते. अशा वेळी पुढच्या लेव्हलचा अर्ज भरू नये. सराव कमी करून डॉक्टरांना दाखवावे.

पालकांनी एवढे करावे :

१. पहिले ध्येय ‘सर्व खुणा स्वतः शोधून परत येणे’ हे असावे. वेळ नंतर.

२. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करावी. त्याची वही मुलाने स्वतः ठेवावी.

३. वरच्या पायरीवर कधी जायचे, हे मुलाला विचारून ठरवावे.

४. घरी आल्यावर ‘कितवा आलास?’ याआधी ‘कुठे चुकलास आणि वाट कशी सापडली?’ हे विचारावे.

५. पाणी, टोपी व शिट्टी जवळ असावी. शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटच्या ठिकाणी नोंद केलीच पाहिजे, हे पक्के सांगावे; नाहीतर त्याला शोधायला माणसे रानात जातात.

आमची खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती झाल्या आणि मुले बसने शाळेत जाऊ लागली. उत्तर कुठे, नदी कोणत्या बाजूला, हे सांगताना अनेक मुले गोंधळतात. त्यासाठी महागडे शिबिर लागत नाही. येत्या रविवारी सकाळी आपल्या परिसराचा साधा नकाशा काढा, पाच खुणा ठरवा आणि मुलाला पुढे चालू द्या. तुम्ही मागे राहा. रस्ता ओलांडताना तेवढे जवळ या. त्याने पुढच्या रविवारी ‘परत जाऊ या’ असे स्वतःहून म्हटले, तर बिल्ल्याची चिंता करू नका.