काळ्या चौकोनांऐवजी अख्खी जमीन

एका शिक्षिकाताईंनी विचारलं, "ऑनलाइन तासाला मुलं नुसते काळे चौकोन होऊन बसतात. दुसरं काही आहे का?"

आहे. ओपनसिम्युलेटर, 2007 पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. आपल्याच कॉम्प्युटरवर 256 बाय 256 मीटरची आभासी जमीन उभी राहते. मुलं अवतार घेऊन फिरतात, मिळून इमारती बांधतात.

मला सगळ्यात आवडते ती ओएआर फाइल! सगळी जमीन, इमारतींसकट, एका फाइलीत उतरवून दुसऱ्या सर्व्हरवर मांडता येते. म्हणजे एखादी सेवा बंद पडली तरी आपलं काम हातात राहतं. मोझिलानं 2024 मध्ये आपली हब्ज ही आभासी खोल्यांची सेवा बंद केली. कोड खुला होता, म्हणून लोक ती आजही स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतात.

ओपनसिम्युलेटरची कटकट एवढीच, की जमिनीवर उतरायला फायरस्टॉर्मसारखा व्ह्यूअर (वेगळा प्रोग्राम) लागतो आणि आवाजाची सोय वेगळी जोडावी लागते.

बसवताना अडलात तर बिनधास्त विचारा.