नवा कॉम्प्युटर अचानक बंद पडतो? आधी दोष शोधा, मग भाग बदला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि आपल्या गावी कॉम्प्युटर जोडून द्यायचे, हा व्यवसाय थोड्या भांडवलात सुरू करता येतो. आपल्या समाजातील तरुणांनाही तो जमण्यासारखा आहे. मात्र यात नफा थोडा असतो आणि सारा धंदा नावावर चालतो. ते नाव एका फोनने धोक्यात येते. "भाई, परवा दिलेला कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. लग्नपत्रिकेचे काम अर्ध्यावर गेले!"

अशा वेळी घाईने दोन चुका होतात. कोणी लगेच विंडोज पुन्हा टाकतो, तर कोणी अंदाजाने एकेक भाग बदलत सुटतो. पहिल्या चुकीत वेळ जातो, दुसरीत ग्राहकाचे पैसे जातात. खरे पाहता यंत्र एकाएकी बंद होते तेव्हा बहुधा ते स्वतःला वाचवत असते किंवा त्याची वीज तुटलेली असते. म्हणून शोधही त्याच दिशेने घ्यावा.

प्रथम ग्राहकाला विचारावे : बंद पडतो तो केव्हा? सुरू करताच दोन-तीन सेकंदांत, दहा-पंधरा मिनिटांनी, की जड काम चालू असताना? निम्मे उत्तर यातच मिळते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. यंत्र नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

बिनखर्चाच्या तपासण्या

भिंतीतला प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड आणि एसएमपीएसच्या मागची केबल सैल नाही ना, ते पाहावे. यूपीएस बाजूला काढून थेट सॉकेटवर चालवून पाहावे. कॅबिनेटचे पॉवर बटण आत अडकत असेल तरीही यंत्र बंद होते. म्हणून सुरू झाल्यावर त्या बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवावी.

नंतर बायोसच्या स्क्रीनवर यंत्र तासभर तसेच सोडावे. तिथेही ते बंद पडले तर विंडोज निर्दोष आहे.

सुरू होताच बंद पडणाऱ्या यंत्रात मदरबोर्डची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची केबल पूर्ण बसली आहे का, रॅम दोन्ही बाजूंनी खटका देऊन बसली आहे का, हे पाहावे. मदरबोर्डखाली एखादा जादा स्टँडऑफ किंवा पडलेला स्क्रू राहिला असेल तर शॉर्ट होतो.

उष्णता की वीज?

काही मिनिटांनी बंद पडत असेल तर प्रोसेसरचे तापमान पाहावे. ते बायोसमध्येच दिसते. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद होते. काही काम नसताना तापमान भराभर ८०-९० वर चढले तर कूलर नीट टेकलेला नाही असे समजावे. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार खटके असतात. त्यातला एकही अर्धवट राहिला तर कूलर एका बाजूने उचलला जातो. वेगळा घेतलेला कूलर असेल तर तळाचे प्लास्टिकचे कव्हर काढायचे राहून जाते. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी.

तापमान ६० असतानाच जड कामात बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. भार झेपला नाही की तो स्वतःच वीज तोडतो. कधी कधी तर मेन स्विच थोडा वेळ बंद ठेवल्याशिवाय पुन्हा सुरूही होत नाही. लेबलवर ४५० वॅट लिहिले असले तरी १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते वाचावे. तिथे १८ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी मिळणार अवघे २१६ वॅट. खात्रीसाठी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा. एसएमपीएस उघडू मात्र नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

रॅमच्या दोषाने यंत्र बहुधा निळा स्क्रीन दाखवते किंवा रीस्टार्ट होते. एक्सएमपी बंद करून, एकेक पट्टी लावून तपासावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही.

व्यवहाराची बाजू

पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये, सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये, माप-तोलात कमी देणाऱ्यांना कडक इशारा दिला आहे. तराजू आता बदलला, एवढेच. लेबलावर जास्त वॅट आणि आत कमी, हे ठाऊक असूनही तो एसएमपीएस ग्राहकाच्या गळ्यात मारणे हे कमी तोलणेच झाले. स्वतःच्या हाताने अर्धवट बसलेल्या कूलरसाठी 'प्रोसेसर गेला' म्हणून पैसे घेणे ही तर उघड फसवणूक.

म्हणून कॉम्प्युटर देण्यापूर्वी दुकानातच दिवसभर भार टाकून चालवावा, उन्हाळ्यात तर जरूर. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहावा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही. चूक आपली निघाली तर ती कबूल करून विनामूल्य दुरुस्ती करावी. एका फेरीचे नुकसान भरून निघते. पण आपल्यावर विश्वासून काम अर्ध्यावर गमावलेला ग्राहक एकदा गेला की परत येत नाही, आणि चार जणांना सांगितल्यावाचून राहत नाही.