गंधार रेघेच्या थोडा अलीकडे

नाशिक रोडच्या एका वाचकांनी विचारलं आहे : मुलानं बिनपडद्यांची बेस गिटार घेतली. पट्टीवर पडद्यांच्या जागी बारीक रेघा आहेत, बोट रेघेवरच पडतं, मोबाइलवरचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो. तरी तानपुरा लावला की गंधार खटकतो. दोष बोटाचा की कानाचा?

दोघांचाही नाही. उलट मुलाचा कान तयार होतो आहे! त्या रेघा आणि तो ट्यूनर पियानोचा हिशेब पाळतात : सप्तकाचे बारा सारखे भाग. या हिशेबातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो (पूर्ण सप्तक १२०० सेंटचं). नेहमीच्या बेसची तार ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. मोकळी तार षड्ज मानली, तर रेघेवरचा गंधार खुंट्यांकडच्या टोकापासून १७८ मिलिमीटरवर येतो आणि षड्जाशी ५:४ नातं राखणारा गंधार १७३च्या जरा आधी. मध्ये साडेपाच मिलिमीटर! व्हायोलिनवर हेच अंतर जेमतेम दोन मिलिमीटर असतं. बोट किंचित कलंडलं तरी सूर हलतो. बेसवाल्याला त्या मानानं ऐसपैस जागा आहे.

कानाला ही तफावत कळते कशी? तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्रात तो षड्जाचा पाचवा संनादी. बेसची मोकळी ए तार सेकंदाला ५५ कंपनांची, तिचा पाचवा संनादी २७५चा. रेघेवरचा गंधार ६९.३ कंपनांचा, त्याचा चौथा संनादी २७७.२चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा उठतात, सूर थरथरतो. बोट हळूहळू रेघेच्या अलीकडे सरकवा : लाटा मंदावतात आणि एका जागी थांबतात. ती जागा डोळ्यांनी शोधू नये, कारण वाजवणाऱ्याला पट्टी तिरकी दिसते आणि नजर फसते. पांढरी सहाचा तानपुरा लावून, डोळे मिटून, संथ मींड घेत सूर गाठणं हाच रियाज. फक्त बँडमध्ये की-बोर्ड असेल तेव्हा त्याच्या गंधाराशी जुळवून घ्यावं लागेल. तिथे रेघ उपयोगी पडते. बेसवादक जॅको पास्टोरियसनं फेंडर बेसचे पडदे उपटून खाचा लाकडाच्या पुट्टीनं बुजवल्या आणि पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला, हा किस्सा बेसवाले भक्तिभावानं सांगतात. त्याची बोटं कानाच्या हुकमतीत होती, हे मात्र सांगायचं राहून जातं.

पडद्यांविना सूर नेमका कुठे लागतो, हे आपल्याकडे मोजून पाहणाऱ्याचं नाव तर बहुतेकांना ठाऊकच नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेच्या लांबीच्या मोजमापातून त्यांनी स्वरांची गुणोत्तरं मांडली, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमंट्स या आयसीएस न्यायाधीशांनी त्यांच्यासोबत काम केलं, श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. पुढे संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हा श्रुतींचा हिशेब पटला नाही. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी ध्वनिमुद्रणांवरून मोजमाप केलं, तेव्हा कलावंतांचे स्वर कायम एकाच जागी राहत नाहीत असंच दिसलं. म्हणजे देवलांचे बावीस ठाम बिंदू टिकले नाहीत. बावीस श्रुतींचं ‘प्राचीन विज्ञान’ म्हणून आज जे फॉरवर्ड होतं, त्यालाही हेच उत्तर लागू आहे.

तरीही वादाला मोजमापावर आणण्याचं श्रेय देवलांचं. बारावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरवर घोडी सरकवून मुलं तारेची लांबी मोजतात, तेव्हा तिथे त्यांचं नाव कुणी घेत नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विनंती : यंदा त्या प्रयोगाला एक तानपुरा आणवा, मुलांना ५:४चा गंधार ऐकवा आणि देवल कोण होते तेही सांगा.